एर्सिलियामावशीच्या पायऱ्या

इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात समुद्रापासून वरच्या द्राक्षमळ्यापर्यंत साडेचारशे दगडी पायऱ्या आहेत. त्या एर्सिलियामावशीच्या पायांना पाठ होत्या. तोडणीच्या दिवसांत ती सगळ्यांच्या आधी खराटा घेऊन निघायची. ओली पानं, चिरडलेली द्राक्षं झाडायची, शेवाळ घासून काढायची. दगड डुगडुगला की त्यावर चुन्याची फुली. पन्नास वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण डेलिया डोक्यावरच्या भरल्या टोपलीसकट इथंच घसरली होती. कंबर मोडली, ती पुन्हा मळ्यात आली नाही. दुसऱ्याच दिवशी मावशीनं खराटा उचलला. त्यानंतर या वाटेवर कुणी पडलं नव्हतं.

नेव्हियो त्या वर्षी मुकादम म्हणून नवीनच आला होता. रात्री धो धो पाऊस झाला, सकाळी लख्ख ऊन. अठरा माणसं टोपल्या घेऊन निघाली, तर मधल्या जिन्यापाशी, त्याला तोलून धरणाऱ्या दगडी भिंतीजवळ मावशी आडवी उभी.

"इथून कुणी जायचं नाही. पलीकडच्या वाटेनं जा."

"अहो मावशी, दुप्पट वेळ लागेल! आणि फुली कुठाय? दगड तर घट्ट आहेत."

"दगड घट्टच आहेत रे. पावसानंतर या भिंतीतून पाणी झिरपतं. आज थेंब नाही. मग गेलं कुठं ते?"

"मावशी आता भिंतीशी गप्पा मारते!" मागून बास्तियानो ओरडला. सगळे हसले.

"तुझ्यापेक्षा शहाणं बोलते ती," मावशी म्हणाली.

नेव्हियोनं कुरकुरत माणसं पलीकडून वळवली. स्वतः मात्र तिथंच थांबला, मावशीला खोटं पाडायला. तासाभरानं आत तुंबलेल्या पाण्यानं भिंतीला पोट आलं. मावशीनं त्याची बाही धरून मागं ओढलं. दगड एकमेकांना सोडून सुटले आणि अख्खा जिना चिखलासकट खाली समुद्रात गेला.

वरून अठरा माणसं पाहत होती. बास्तियानोनं टोपी काढली.

नेव्हियो मावशीकडे वळला. "तुम्हाला... कळलं कसं?"

"रोज जाते ना मी इथून," म्हणत मावशी खराटा घेऊन पलीकडच्या वाटेला लागली. तिथं आता छत्तीस पायांचा चिखल झाला होता.

हिवाळ्यात भिंत पुन्हा रचली. पाण्याला वाट कुठं ठेवायची हे मावशी दाखवत होती, आणि नेव्हियो हातात दगड धरून ऐकत होता.