गरम टायरची हवा

चहा घ्या आन् ऐका. माझ्या हातून जो येडेपणा झाला, तो दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याला गावात तोंड वर करून हिंडू दिलं नसतं. पण झाला माझ्याच हातून. आता काय करता?

आमचा ट्रक हाय, दहा चाकांचा. पोरगा बालाजी चालवतो. यंदा त्यानं समदे टायर नवे घातले आन् मला बजावलं, टायरला हात लावायचा न्हाई. आता मला सांगा, ट्रक माझ्या नावावर, आन् मी हात लावायचा न्हाई? कावून?

दसरा झाला. ऊसतोडीची टोळी माजलगावकडं कारखान्यावर सोडायची होती. बायामाणसं, लेकरं, भांडीकुंडी, शेळ्या, समदं ट्रकमधी. सूनबाई बी नातवाला घेऊन त्याच गाडीनं माहेरी जाणार. मधी धारूरचा घाट. मला लई घोर लागला.

आदल्या दिवशी भर दुपारी बालाजी लातूरहून गाडी घेऊन आला आन् घरात जाऊन आडवा झाला. मी गपचूप हवा मोजायचं मीटर काढलं. पहिल्या टायरला लावलं, तर पोरानं ठरवलेल्या आकड्याच्या पार वर काटा! दुसऱ्याला तेच. म्हणलं, या पंक्चरवाल्या सलीमनं हवा ठासून भरलीय, घाटात टायर फुटायचा. बसलो उकिडवा आन् एकेका टायरची हवा सोडत काटा बरोबर आकड्यावर आणला. पोराला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर भांडण. त्या राती झोप मात्र झकास लागली.

सकाळी गाडी गेली. नारळ मीच फोडला. मग सलीमच्या दुकानावर जाऊन त्याची खरडपट्टी काढायला बसलो. ऐकता ऐकता तो हातातलं काम टाकून उभाच राहिला.

"आबा, गाडी तवा नुकतीच आलती का?"

"आलती. मग?"

"अहो, पळून आलेला टायर तापतो. तापला की आतली हवा फुगती, काटा वर जातोच. हवा मोजायची ती गार टायरची. तुमी सोडली ती जास्तीची न्हवती, कामाची होती. आता टायर मऊ पडले. वजनाखाली दबणार, अजून तापणार, झिजणार, डिझेल खाणार, आन् घाटात..."

पुढचं ऐकायला मी थांबलोच न्हाई. पोराला फोन लावला, उचलंना. सलीमच्या मोटारसायकलवर मागं बसलो. लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोलत, मधी मधी सलीमला शिव्या देत, तसाच निघालो.

घाटाच्या अलीकडं गाडी उभी दिसली. माणसं रस्त्याच्या कडंला बसलेली. जवळ गेलो तर नातू बिस्कीट खात होता, आन् बालाजी टायरच्या दुकानावर हवा भरून घेत होता. स्टेरिंग जड लागलं म्हणून त्यानं घाटाच्या आधीच गाडी थांबवलती. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणता! तिथंच दगडावर बसलो.

पण पुढं ऐका. टोळीतल्या बाया कडाकडा बोटं मोडीत होत्या. कुण्या मेल्यानं रातच्याला येऊन दहाच्या दहा टायरची हवा सोडली म्हणं. त्याचे हात झडो, त्याच्या तोंडात किडे पडो. टोळीचा मुकादम म्हणला, सरळ पोलिसात जाऊ. मी काय करावं? गप बसलो असतो तर संशय आला असता. म्हणून मी बी उठलो आन् समद्यात मोठ्यानं त्या हरामखोराला आईबापावरून शिव्या घातल्या. सलीम रुमालात तोंड खुपसून उभा.

बालाजीनं माझं समदं होऊ दिलं. मग हात पुसत मुकादमाला म्हणला, "पोलीस कशाला? हवा सोडल्यावर वाल्वच्या टोप्या परत घट्ट बसवून, वरून फडक्यानं पुसून जाणारा चोर आख्ख्या तालुक्यात एकच हाय. आन् त्यानं आत्ताच सोताच्या आईबापाचा उद्धार केलाय."