फोडायची राहिलेली पृथ्वी

भाद्रपदातल्या एका दुपारी टपालवाला शाळेच्या पायरीशी आला, कार्ड पुढं केलं आणि नेहमीसारखं पाणी न मागता तसाच उभा राहिला. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. मजकूर वाचायची गरजच नव्हती, तरी वाचला. ‘ती. तात्या परवा गेले. शेवटपर्यंत शाळेचं विचारत होते.’ खाली तात्यांच्या मुलीचं नाव, आणि कासारवाडीचा शिक्का. आता खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, तात्या असते तर त्यांनी हे कार्डसुद्धा वर्गात फिरवलं असतं. शिक्का वाचा रे, कुठनं निघालं, कुठं आलं, किती दिवस लागले... गावात कुणाचंही कार्ड आलं की ते मागून आणायचे आणि त्यावर अर्धा तास शिकवायचे. मी मात्र कार्ड खिशात घातलं आणि मुलांना लवकर सोडून दिलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

चाकणच्या अलीकडच्या एका गावात, मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरणारी आमची दोन मास्तरांची शाळा. तात्या थोरले, मी धाकटा. चार वर्षांपूर्वी मी ट्रेनिंग करून तळेगावाहून तिथं आलो, तेव्हा माझ्या वहीत ‘शैक्षणिक साधने’ या मथळ्याखाली सुबक अक्षरांत यादी होती. चित्रं, तक्ते, नकाशे, पृथ्वीचा गोल. पहिल्याच दिवशी मी ऐटीत विचारलं, “साधनं कुठं ठेवलीत?” तात्यांनी खुंटीवरची मळकी पिशवी काढून माझ्यापुढं उपडी केली. चिंचोके, घोड्याचा नाल, पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता तिथल्या खोक्यांवरची परदेशी अक्षरांची लेबलं, आणि कासारवाडीच्या स्टेशन मास्तरांकडून मागून आणलेलं आगगाडीचं जुनं वेळापत्रक. ज्यांनी गाडी जवळून पाहिलेली नाही अशी पोरं त्या वेळापत्रकावरून पुणे-लोणावळ्याची गणितं करायची! “आधी एवढं वापरून संपवा, तळेगाव,” तात्या म्हणाले, “मग वर अर्ज करू.” मला ते कायम ‘तळेगाव’ म्हणूनच हाक मारायचे. मला राग यायचा. आता ती हाक कोण मारणार?

पृथ्वीच्या गोलासाठी आम्ही दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा अर्ज पोचल्याचं कळलं, गोल काही पोचला नाही. मग तात्या चौथीचा वर्ग घेऊन पायी निघोज्याला कुंभाराकडं गेले. मीही गेलो, तोंड वाकडं करून. कुंभारानं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. “गुर्जी, समदं ठीक हाय, पर ह्याचं त्वांड कुठं?” बिनतोंडाचं भांडं त्यानं जन्मात घडवलं नव्हतं, आणि घडवलं तर भट्टीत फुटेल असं त्याचं म्हणणं पडलं. शेवटी खालच्या अंगाला तोंड ठेवायचं ठरलं. म्हणजे दक्षिण ध्रुवाला भोक! मी हळूच तसं म्हटलं, तर तात्या म्हणाले, “ऱ्हाऊ द्या की. तिथं कोण ऱ्हातंय?” समुद्राला कपड्याची नीळ, जमिनीला गेरू, बर्फाला चुना. नकाशाचं पुस्तक चिंचवडच्या एका ओळखीच्या मास्तरांकडून आणलेलं. सगळं झाल्यावर पोरांनी हट्ट धरला की आपलं गावही दिसलं पाहिजे. तात्यांनी बाभळीच्या डिंकानं एक मोहरी चिकटवली. पुढं आठ दिवस जो येई तो त्या मोहरीवर बोट ठेवून जाई.

मला त्या गोलाचं इतकं अप्रूप वाटलं की संध्याकाळी मी तो उचलून कपाटावर, पोरांचा हात पोचणार नाही असा ठेवला. सकाळी येऊन पाहतो तर गोल पुन्हा जमिनीवर, पोरांच्या घोळक्यात. “अहो, फुटेल ना!” मी ओरडलो. “फुटंल की,” तात्या म्हणाले. आणि फुटलाच, पंधरा दिवसांत. जिच्या हातून पडला ती मुलगी हुंदके देऊन रडायला लागली. तात्यांनी तिच्याच ओच्यात खापऱ्या गोळा केल्या, दगडावर घासून त्यांच्या कडा बोथट केल्या आणि पहिलीच्या पोरांपुढं ओतल्या. “मोजा बरं, पृथ्वीचे तुकडे किती झाले?” त्या खापऱ्यांवर पहिलीचा वर्ग शंभरापर्यंत आकडे शिकला. तेव्हापासून रिवाजच पडला. दिवाळीची सुट्टी संपली की चौथीच्या पोरांनी जुना गोल स्वतः फोडायचा, खापऱ्या पहिलीला द्यायच्या आणि निघोज्याला जाऊन नवा घडवून आणायचा. खापऱ्या वर्षभरात हरवतात, लंगडी-ठिक्करीत जातात, तोवर पुढची दिवाळी येते. मधे प्रांतांच्या हद्दी बदलल्या, तेव्हा भिंतीवरचा छापील नकाशा खोटा ठरला म्हणून मी हळहळत बसलो होतो. तात्यांनी गोलावरच्या रेषा पुसायला फक्त ओलं फडकं मागवलं.

गेल्या माघात त्यांनी छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं आणि मुलीनं त्यांना कासारवाडीला नेलं. ज्येष्ठात मी भेटायला गेलो, ती शेवटची भेट. रुळांना लागून असलेली खोली, गाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजायची. आवाज बसला होता, माणूस निम्मा झाला होता, पण डोळे तेच. शाळेत पहिलीला नवी मुलं किती आली ते विचारलं, मुली किती ते वेगळं विचारलं. मग माझं मनगट धरलं. “दिवाळीनंतर गोल फोडायला इसरू नका, तळेगाव.”

“काहीतरीच काय! तुम्ही बरे व्हा आणि तुम्हीच फोडा.”

“व्हय म्हणा.”

चार वर्षं मी पोरांचं ‘व्हय’ खोडून ‘होय’ करत आलो होतो. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, “व्हय.” तात्या खोकला येईपर्यंत हसले.

आता माझी चूक सांगतो. दसऱ्याला शाळेत पाटीपूजन असतं. तात्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. मला वाटलं, त्यांचं काहीतरी पूजेत असावं. त्यांचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. म्हणून मी पाट्यांच्या मधोमध तो गोल ठेवला. गावातल्या एका म्हातारीनं त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि पदर डोळ्याला लावून म्हणाली, “ल्योक गेला माझा.” सगळ्या बाया रडल्या. मीही रडलो, आणि बरं वाटलं म्हणून रडलो. पूजा उरकल्यावर कुणीतरी गोल उचलून मारुतीशेजारच्या कोनाड्यात ठेवला. मी बघत होतो. अडवलं नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि मी कोनाड्यातून गोल काढायला गेलो, तर सरपंच धावत आले. “गुर्जी, आवं काय करताय?” मी सांगितलं, फोडायचाय, तात्यांनीच सांगितलंय. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी मारुतीलाच हात घालतोय. “तात्यांची येवढी एकच खूण हाय गावात. फोडायची?” म्हातारीनं तर तोंडावर सांगितलं, “मास्तर, तुमी भायेरचे. तुमाला न्हाई कळायचं.” बरं, जुना राहू दे, नवा तरी करावा म्हणून निघोज्याला गेलो. कुंभार चाकावरनं उठलासुद्धा नाही. “त्यो आता देव झाला गुर्जी. त्याच्या जोडीला दुसरा म्या न्हाई करायचो.” कुणावर चिडू? सगळे तात्यांवर माझ्याइतकाच जीव टाकणारे. परवा शाळा सुटल्यावर कुणी नाही असं पाहून मी गोल हातात घेतला, म्हटलं, पडला म्हणून सांगू. पोरांच्या हातून पडतो, माझ्या हातून पडला. पण खालच्या तोंडाच्या कडेला तात्यांच्या अंगठ्याचा ठसा होता, चुन्यात उमटलेला. माझी बोटं सुटेनात. रोजच्या हळदकुंकवानं समोरचा सगळा देश झाकून गेला होता. मोहरी कुठं आहे ते चाचपून पाहिलं, सापडली नाही. गोल होता तिथं ठेवला आणि सायकल काढली.

काल सकाळी पहिलीतली एक मुलगी पाटी घ्यायच्या आधी कोनाड्यापुढं हात जोडून उभी होती. जूनमध्ये नाव घातलेली, तिनं तात्यांना कधी पाहिलेलं नाही. मी जवळ गेलो. “हे काय आहे, सांग बरं?”

“तात्या गुर्जी.”

“अगं, ही पृथ्वी आहे. आपण सगळे हिच्यावर राहतो.”

तिनं गोलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. “म्हंजी आमी तात्या गुर्जींवर ऱ्हातो व्हय?”

मी तिला जागेवर बसवलं आणि वीसपर्यंत मोजायला सांगितलं. गेल्या सालच्या खापऱ्या कधीच हरवल्यात, म्हणून ती बोटांवर मोजायला लागली. दहापर्यंत नीट आली आणि थांबली. मग दोन्ही हात पसरून माझ्यापुढं धरले.

“गुर्जी, बोटं सपली.”