एचची घाई

एच शून्याकडे जातो म्हणून मी त्याला पहिल्याच ओळीत शून्य करून टाकलं.

भाची आमच्या काकती गावातल्या घरी राहून बेळगावच्या कॉलेजात बारावी करते. दुसऱ्या दिवशी तिची गणिताची पहिली चाचणी होती. "ट्यूशन कशाला? मी हाय न्हवं?" असं बोरगावच्या बहिणीला मीच सांगितलेलं.

गणित साधं होतं. एक्स अधिक एचच्या वर्गातून एक्सचा वर्ग वजा करायचा, एचनं भागायचं आणि मग एच शून्याकडे न्यायचा. माझं उत्तर आलं शून्य भागिले शून्य. वर-खाली सारखंच आहे, म्हणून मी ते एक धरलं. पुस्तकामागं उत्तर होतं दोन एक्स. पुस्तकात छपाईची चूक आहे, हे मी तिला समजावून सांगितलं.

"मामा, एचला एवढ्यात कशाला घालवलासा?"

"जाणारच हाय की त्यो."

"पाहुणा जाणार म्हणून दारातनंच परत लावतासा व्हय?"

तिनं वर्गाचा विस्तार केला, एक्सचे वर्ग उडवले, उरलेल्यातला एच खालच्या एचबरोबर छाटला. राहिलं दोन एक्स अधिक एच. तेव्हा कुठं तिनं एचला निरोप दिला. मी पुस्तकाला माफ केलं.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. भाची म्हणाली, "आई, मला ट्यूशन लाव."

"कशाला गं? मामा हाईत की घरात."

"म्हणूनच लाव म्हणते."