फॉलला जुळणारे पाच शब्द

मुलीच्या वहीत मॅडमनी लिहून दिलं होतं, ‘फॉल’ या शब्दाशी यमक जुळणारे पाच इंग्रजी शब्द घरून लिहून आणा. मुलगी तेव्हा तिसरीत होती, गेवराईतल्या एका इंग्लिश मीडियमच्या शाळेत. मी ब्लाउज शिवते. घराची पुढची खोली हेच माझं दुकान. एक शिलाईचं मशीन, एक पिकोचं, आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेली मापाची ब्लाउजं. ती वही घेऊन मशीनपाशी येऊन बसली.

“मम्मी, फॉल म्हंजे पडणे. त्याला जुळणारं काय अस्तं?”

मला हसूच आलं. माझ्या लेखी फॉल म्हणजे साडीच्या काठाला आतून लावायची पट्टी. दिवसाला चार-पाच तरी लावते. त्याचा पडण्याशी काही संबंध असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

“मला कावून इचारतीस? मी इंग्रजीतच नापास झालते,” मी म्हणाले.

ते खरंच होतं. दहावीला बाकीचे सगळे विषय निघाले, इंग्रजी तेवढं राहिलं. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि ते राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून इंग्रजी कागद समोर आला की मी तो बाजूला सारायची. बँकेचा फॉर्मसुद्धा नवऱ्याकडून भरून घ्यायची.

“लिहू नको, नुसतं सांग. शेवटी फॉलसारखं वाजलं पाह्यजे,” ती म्हणाली.

मशीनवरचा पाय थांबवला आणि दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. फॉल, फॉल. मग पहिला शब्द आपोआप आला. “बॉल.” मग मंगल कार्यालयाचा हॉल आला. मिस कॉलमधला कॉल आला. संभाजीनगरला नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेलतो तेव्हा मॉल बघितला होता, तो आला. पाचव्यासाठी मात्र बराच वेळ गेला. दारातून समोर बघत होते, तर शेजाऱ्यांच्या घराभोवती नवीनच बांधलेलं वॉल कंपाउंड दिसलं.

“वॉल?” मी भीत भीत विचारलं. “हे इंग्रजी हाय का आपलंच?”

“इंग्रजीच हाय की. सगळे इंग्रजी हायत मम्मी,” ती लिहिता लिहिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वहीवर पाच टिका आणि एक चांदणी आली. मी वही दोनदा उघडून ती चांदणी बघितली.

मग आम्हाला नादच लागला. संध्याकाळी ती शाळेतून आली की एक शब्द काढायची, नाहीतर मी माझ्या कामातला द्यायची. हुकला बुक, लुक, कुक. लेसला फेस, बेस, प्लेस आणि कोर्टातली केस. मी चुकायचेही. नेकला मी झटक्यात केक सांगितलं, तर पोरगी म्हणाली, “न्हाई. केक लांब अस्तो, नेक आखूड. नेकला चेक.” मला दोन्ही सारखेच वाटायचे. मग तिनं मोबाइलवर दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा ऐकवले. चार दिवसांनी मला फरक कळायला लागला. त्यानंतर गिऱ्हाईक बोलत असलं तरी माझं अर्धं लक्ष त्याच्या शब्दांच्या शेपटावर असायचं.

असं चाललेलं असताना ‘एट’ शब्द आला. आठचा एट. आम्ही लिहिलं गेट, प्लेट, लेट, रेट, डेट. वही परत आली तर पाचही शब्दांवर लाल फुल्या, आणि खाली मॅडमच्या अक्षरात एकच शब्द, हाइट. वर्गात फळ्यावरही तोच लिहून दिलेला होता.

मुलगी रडली नाही, पण वही दप्तरात तळाशी कोंबली. मी मात्र मनातल्या मनात ते दोन शब्द घोळवत राहिले. एट, हाइट. कसेही म्हणा, जुळत नव्हते. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “मॅडमला कळतंय का तुला?” माझी मार्कशीट तर मुळीच दाखवण्यासारखी नव्हती.

तरी सकाळी मी शाळेत गेले. मॅडम तरुण होत्या, घाटनांदूरकडच्या, त्याच वर्षी लागलेल्या. त्यांनी गाइड उघडून माझ्यापुढे धरलं.

“ताई, हे बघा. दोन्ही शब्दांचा शेवट एकच आहे. स्पेलिंग सेम आहे.”

“स्पेलिंग मला येत न्हाई मॅडम,” मी म्हणाले. “पण तुमी दोन्ही एकदा मोठ्यानं म्हणून बघा.”

त्यांनी म्हटलं. मग ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटलं.

“मापाला येणाऱ्या बाया मला सांगतेत, ताई माझी हाइट कमी हाय. हेट कमी हाय असं कुणीच म्हणत न्हाई,” मी म्हणाले. “हेट असतं तर जुळलं असतं.”

त्यांचा चेहरा जरा लाल झाला. “बघते मी,” एवढंच म्हणाल्या आणि घंटा झाली म्हणून वर्गावर गेल्या. मी परत आले ती घाबरलेलीच. वाटलं, आता पोरीवर राग निघतो की काय. दिवसभर शिलाई वाकडी जात होती, एक बाही तर उलटीच जोडली.

शाळा सुटल्यावर मॅडम स्वतः दुकानात आल्या. मुलगी त्यांच्या मागे उभी. मी गडबडीनं स्टुलावरचे कपडे उचलले, पण त्या बसल्या नाहीत.

“मी मोबाइलवर दोन्ही उच्चार ऐकले,” त्या म्हणाल्या. “गाइड चुकलंय, आणि मीही न ऐकता फळ्यावर उतरवलं. तुमचे पाचही शब्द बरोबर आहेत. वर्गातही सांगितलं मी तसं.”

त्यांनी पिशवीतून लाल पेन काढला, माझ्या कटिंगच्या टेबलावर वही ठेवली आणि प्रत्येक फुलीशेजारी टिक केली. पाच टिका. मी पाणी आणायला आत गेले आणि हंड्याजवळ जरा वेळ उभी राहिले. डोळे भरून आले होते, पण ते रडू नव्हतं. अंगात काहीतरी ताठ झाल्यासारखं वाटत होतं.

जाताना त्यांनी सांगितलं की महिला दिनाला शाळेत आयांसाठी यमकाची स्पर्धा ठेवायची आहे, आणि मी उतरायचंच. मी नको नको म्हणत होते तोवर मुलीनं हो म्हणून टाकलं.

महिला दिनाला शाळेच्या पटांगणात मंडप होता आणि वीसेक बाया उतरल्या होत्या. नियम सोपा होता. एक शब्द दिला जाईल, एकेकीनं पाळीपाळीनं त्याला जुळणारा शब्द सांगायचा. दहा आकडे मोजेपर्यंत अडकली ती बाहेर. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. पहिल्या दोन-तीन शब्दांतच निम्म्याहून जास्त बाया बाहेर पडल्या. शेवटी मी उरले आणि गावातल्या एका पुढाऱ्याची सून उरली. ती पदवीधर, शिकलीही इंग्रजीतून. तिनं माझ्याकडे बघून हसून मान हलवली, त्यात कुठंही तोरा नव्हता.

शब्द आला ‘लाइन’.

“नाइन,” ती म्हणाली.

“फाइन.” शाळेत उशीर झाला की भरावा लागतो तो.

“माइन.”

“साइन.”

“पाइन,” ती म्हणाली. हा मला माहीतच नव्हता. मॅडमनी सांगितलं, ते एक झाड असतं.

मी इकडेतिकडे बघितलं. बाजारातली पोरं आठवली. “शाइन,” मी म्हणाले. “शाइन मारायलाय म्हंतेत ना, त्यातलं.” मंडपात हसू पसरलं.

“डाइन.”

आता माझ्याकडे एकच उरला होता, आणि तो शाळेत, एवढ्या माणसांत, बाईनं म्हणावा का असा विचार पडला. हायवेवरच्या दुकानाची पाटी डोळ्यांपुढे होती. मॅडम आकडे मोजायला लागल्या, एक, दोन, तीन.

“वाइन,” मी म्हणाले.

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मुख्याध्यापकही हसले. मॅडमनी शांतपणे तो फळ्यावर लिहिला.

“स्पाइन,” सून म्हणाली.

मॅडमचा आकडा पुन्हा सुरू झाला. चारपर्यंत गेल्या तरी माझ्या डोक्यात काही नव्हतं. घाबरून मी हातांकडे बघितलं, आणि ओठांवर शब्द आला, जो मी दिवसातून पन्नास वेळा ऐकते. ताई, मागच्या गळ्याला जरा वेगळं पाह्यजे, मोबाइलवर दाखवते.

“डिझाइन.”

“चालेल,” मॅडम म्हणाल्या. “शेवट पक्का जुळतो.”

सुनेनं डोळे मिटून विचार केला. आकडा दहापर्यंत गेला. मग तिनं डोळे उघडले आणि टाळ्या वाजवायला सगळ्यांत आधी तिनंच सुरुवात केली. जवळ येऊन माझा हात धरून म्हणाली, “मी पुस्तकातले शोधत बसले. तुमी कुठून कुठून आणले हो!”

मुलगी रांग मोडून पळत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारली. बक्षिसाचा कुकर मी घेतला, प्रमाणपत्र तिनं कुणाला धरू दिलं नाही.

घरी आल्यावर वडिलांना फोन लावला. माझं माहेर तलवाड्याचं, घरी मेंढरं आहेत. वडील तेव्हा कळप घेऊन कुणाच्या तरी रानात उतरलेले होते, मागून मेंढरांचा आवाज येत होता. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडूनच सांगितलं, की मी स्पर्धा जिंकले.

“कशाची?”

“इंग्रजीची.”

ते मेंढरांपासून जरा लांब गेले असावेत, मागचा आवाज कमी झाला.

“कोन कोन व्हतं तुझ्यासंगं?”

मी सांगितलं. पुढाऱ्याची सून म्हटल्यावर त्यांनी तिचं गाव, सासर सगळं विचारून घेतलं आणि खात्री झाल्यावर म्हणाले, “बरं. मंग काय म्हनलीस तू? म्हन बरं.”

मी एकेक शब्द सांगत गेले. फाइन, साइन, शाइन. वाइनपाशी अडखळले, पण तोही सांगितला. डिझाइन सांगितला. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. ते मात्र फोन कानापासून जरा लांब धरून बाजूच्या कुणाला तरी सांगत होते, “माजी लेक हाय. इंग्रजी बोलायली.”

मग पुन्हा माझ्याशी बोलले. “आनखी एकदा म्हन. ह्यांना बी ऐकू दे.”

मी पुन्हा सगळे म्हणून दाखवले, या वेळी न अडखळता.