नवऱ्याचा रोमन रस्ता

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या आमच्या मराठी मंडळींत माझा नवरा इतिहासतज्ज्ञ मानला जातो, कारण जेवताना तो रोमन लोकांवरचे व्हिडिओ बघतो. गेल्या मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला त्याने जाहीर केलं, "नॉरफकला जाऊ. अख्खा दिवस रोमन रस्त्यावर चालायचं."

"आपण स्टेशनलासुद्धा बसने जातो," मी म्हटलं.

"म्हणूनच!"

नवे बूट, दोन-दोन काठ्या, वॉटरप्रूफ पँट अशा थाटात आम्ही सकाळी नऊला एका चर्चपाशी गाडी लावून निघालो. तासाभराने फाटा आला. पाटीवरचा बाण डावीकडे होता, पण उजवीकडचा रस्ता नाकासमोर सरळ गेलेला दिसत होता.

"रोमन लोक वळत नसत," असं म्हणून नवरा उजवीकडे वळला.

रस्ता रुंद, करडा, भेगांतून गवत उगवलेला. "बघ, दोन हजार वर्षं टिकलाय! नाहीतर आपल्या पुण्यातले रस्ते!" त्याने गुडघे टेकून जमिनीवर तळवा ठेवला. मी फोटो काढला. तो लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला होता.

तेवढ्यात समोरून एक आजीबाई कुत्रा घेऊन आल्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. "रस्ता चुकलात का?"

"छे, रोमन रस्ता बघतोय," नवरा ऐटीत म्हणाला.

त्यांनी आधी रस्त्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. "हा काँक्रीटचा आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे विमानं उतरायची. माझ्या वडिलांनी बांधलाय."

"म्हणजे ते..."

"रोमन नव्हते. लीड्सचे होते."

मला हसू आवरेना. नवरा मात्र काठ्यांच्या पट्ट्या तपासू लागला.

आजीबाईंनी आम्हाला खरा रस्ता दाखवायला मागे नेलं. त्या काठीशिवाय पुढे, आम्ही चार काठ्या घेऊन धापा टाकत मागे. एका कुरणात गवताचा लांबट उंचवटा होता आणि त्यावर मेंढ्या चरत होत्या.

"एवढाच?" नवऱ्याने विचारलं.

"एवढाच."

तो तिथेच बसला आणि बूट काढला. टाचेला रुपयाएवढा फोड आला होता. ते बघून आजीबाई घरून गाडी घेऊन आल्या. मागच्या सीटवर ओला कुत्रा माझ्या मांडीवर चढला. पुढे बसलेला नवरा त्यांना वडिलांबद्दल विचारत होता: कामावर किती माणसं होती, राहायची कुठे, खायला काय मिळायचं. चर्च आलं तरी दोघांचं बोलणं संपेना. मग आजीबाईंनी गाडी बंद केली.