सत्यभामाबाईनं आंदण परत केलं

कुरुंद्यात सत्यभामाबाईच्या घरी कुणी पहिल्यांदा गेलं की त्याला आधी भांड्यांचं दर्शन व्हायचं, माणसाचं नंतर. समोरच्या खोलीत भिंतभर फळ्या अन् फळ्यांवर थेट पत्र्यापर्यंत तांबं, पितळ, स्टील. लग्नात आलेलं आंदण, वास्तूला आलेला आहेर, भारतच्या बारशाच्या वाट्या. दर दिवाळीला सगळं खाली उतरायचं, चिंच लावून घासलं जायचं अन् पुन्हा वर चढून बसायचं. रोजचा स्वयंपाक मात्र जर्मनच्या दोन पातेल्यांत. चांगली भांडी वापरली तर झिजतील ना!

नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. शेत बटईनं दिलेलं. एकुलता एक पोरगा भारत हिंगोलीत एका कॉलेजात क्लार्क. दर रविवारी मोटारसायकल हाणत यायचा, गोळ्या द्यायचा, भाजी ठेवायचा, कंबर धरून परत निघायचा. निघताना दाराशी थांबून मोठ्या मायेनं म्हणायचा, "माय, मी तर तुला आजच न्यायला तयार हाय. पण दोन खोल्यांत तुझी ही जत्रा कुठं मांडू? जागाच न्हाई." काय गुणाचं लेकरू! न्यायला एका पायावर तयार. आडवी येत होती ती फक्त भांडी.

मागच्या वर्षी सत्यभामाबाई मोरीत घसरून पडली होती. शेजारची पारुबाई येईपर्यंत दीड तास ती नळाकडं बघत तशीच पडून होती. हाड मोडलं नव्हतं, पण तो दीड तास तिच्या मनातून जाईना. पुन्हा असं एकटीनं पडायचं न्हाई, एवढंच तिला हवं होतं. जमलं तर शेवटचा घोट लेकाच्या हातून.

पोळ्याला सून अंजली आली, तिनं सासूला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक गुळगुळीत चेहऱ्याची बाई सांगत होती की, उतारवयात घर रिकामं करावं, मागच्यांच्या डोक्यावर ओझं ठेवू नये. बाईच्या मागं चांगला मोठा हॉल होता, त्यात झोपाळा होता. व्हिडिओ संपल्यावर अंजलीनं एक सुस्कारा सोडला, तोही बराबर फळ्यांकडं बघून. सुनेला आपली किती काळजी, म्हणून सत्यभामाबाईला गहिवरून आलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं पहिली घागर उचलून उलटी केली, अन् बुडाशी कोरलेलं नाव दिसलं : "अक्कास सोनाजीकडून". सोनाजी म्हणजे जवळा बाजारचा तिचा धाकटा भाऊ. लग्नात दिलेली घागर. भावाचं नाव भंगाराच्या गाड्यावर? "ठेव ती खाली, मुडद्या!" म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं. मग एकेक भांडं फिरवून पाहिलं तर काय, नाव न्हाई असं एकही नव्हतं. आपल्याकडं पाच रुपयांची वाटी देणारा सुद्धा आधी नाव टाकून घेतो. देवाला विसरतील, नावाला विसरायचे न्हाईत.

तेव्हा तिनं आपल्या डोक्यानं तोड काढली. ज्याचं नाव, त्याचं भांडं. ग्यानबाचा ऑटो ठरवला, पोती भरली अन् निघाली दारोदार.

आता आहेर परत करणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोराला कळतं. चूल वेगळी, वाट वेगळी, आजपासून तुमी मेले अन् आमी मेलो. सत्यभामाबाईला कळत नव्हतं असं न्हाई. पण आपण गोड बोलून समजावू, असा तिचा भरवसा. समजावताना खरं कारण मात्र सांगता येईना. पोराकडं जागा न्हाई म्हणून भांडी वाटून राहिले, असं म्हटलं तर पोराची इज्जत जाते. मग ती प्रत्येक दारात एकच सांगायची, "काही न्हाई बाई, घर जरा हलकं करून राहिले."

कोण ठेवतो विश्वास! चार दिवसांत पंचक्रोशीत बोभाटा झाला. कुणी म्हणे, मानाचं लुगडं हलकं दिलं म्हणून फुगली. कुणी म्हणे, डोक्यावर परिणाम झाला. तिची चुलत नणंद तर तडक आत गेली अन् सत्यभामाबाईनं तिला कधीकाळी दिलेल्या दोन पराती आणून ऑटोत आदळल्या. "तुमी आमचं ठेवत न्हाई तर आमी तुमचं काहून ठेवावं?" एक डबा द्यायला गेलेली बाई दोन पराती घेऊन परत आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. त्या पराती तिनं पारुबाईच्या गळ्यात मारल्या.

शनिवारी सोनाजी आला. पासष्टीचा गडी, पण ओट्यावर बसून लेकरासारखा रडायला लागला. "अक्का, काय चुकलं आमचं? तू घागर दारात ठेवून गेलीस, त्या दिवसापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरंना."

तेवढ्या एका माणसापुढं तिचं तोंड उघडलं. भारतकडं राहायला जायचंय, सामानाला जागा न्हाई, म्हणून हा सगळा कारभार.

सोनाजीनं डोळे पुसले. "जागा भांड्याला न्हाई का तुला न्हाई, हे विचारलंस का त्याला?"

"जीभ झडंल तुझी!" सत्यभामाबाई कडाडली. "माझं पोरगं तसलं न्हाई. ऊठ, चहा पी अन् चालायला लाग." बिचाऱ्यानं चहा अर्धाच घेतला.

रविवारी भारत आला. खोली इतकी मोकळी की त्याच्या खोकल्याचाही आवाज घुमला. माय दाराशी तयार. धुतलेलं लुगडं, एक पिशवी, पिशवीत दोन जोड अन् गोळ्या.

"चल," ती हसून म्हणाली. "आता जागेची तकलीफ न्हाई."

भारतनं भिंतीकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं, मग मोबाईलकडं पाहिलं. मोबाईलवर काहीही आलेलं नव्हतं.

"माय, असं एकाएकी काहून... म्हणजे मी बोललो होतो, बराबर हाय. पण अंजलीचा भाऊ अभ्यासाला येऊन राहिला ना, बाहेरची खोली त्याला लागंल. अन् तिसरा मजला, तुझे गुडघे. तुला तिथं करमायचं बी न्हाई. दिवाळी होऊ दे, मग बघू."

सत्यभामाबाई उंबऱ्यावर टेकली. तिला रडू आलं अन् रडण्याहून जास्त राग आला. रडू तिनं गिळलं.

"सामान होतं तवा जागा न्हाई. सामान गेलं तरी जागा न्हाई. अन् मी त्या सोनाजीला उपाशी घालवलं."

"माय, तसं न्हाई गं—"

"तू आता माझं एक काम कर. ऑटो करून देते, त्यात बस. ज्या ज्या दारात मी भांडं ठेवून आले, त्या त्या दारातून मागून आण. पहिलं जवळा बाजार."

भारतच्या तोंडचं पाणी पळालं. "अन् मामानं विचारलं, परत काहून नेऊन राहिला, तर काय सांगू?"

"दारोदार मी खोटं बोलले तुझ्यापायी. तू खरं सांग."

भारत जागचा हलेना. सत्यभामाबाईनंच ग्यानबाला फोन लावला.

"ये बाबा लवकर," ती म्हणाली. "अन् पोटभर खाऊन ये. सत्तावीस घरं हायत."