बाबांच्या खोलीतला थर्मोस्टॅट

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावात आमच्यापासून तीन घरं सोडून राहणारे काका कुणाच्याही घरी दुरुस्तीला आले की "ब्रेकर बंद केलास ना रे?" असं दोनदा विचारतात. काढलेले स्क्रू ओठांत धरतात आणि तसेच बोलत राहतात.

बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी मी त्यांना बाबांच्या खोलीतला, घराची ऊब कमी-जास्त करणारा जुना थर्मोस्टॅट काढायला बोलावलं. मला स्वतःला त्याला हात लावायचं धाडस होत नव्हतं. फोनवर चालणारा नवा मी दोन हिवाळ्यांपूर्वीच हॉलमध्ये बसवला होता. बाबा सारखं हीटिंग वाढवायचे, म्हणून जुन्याच्या वायरी तेव्हाच सोडवल्या आणि नुसतं डबडं त्यांच्या भिंतीवर राहू दिलं. ते त्याची चकती फिरवत राहिले, आणि मी ऑफिसातून ठरवेन तेवढ्याच उबेत बाबा कुडकुडत राहिले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

काकांनी कव्हर काढलं. आत एकही वायर जोडलेली नव्हती, तरी त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ते पुढचा स्क्रू काढू लागले.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी ओठांतले स्क्रू तळहातावर घेतले. "गेल्या जानेवारीत तू ऑफिसात असताना बाबांनी बोलावलं होतं. म्हणाले, बघा हो, बिघडलाय वाटतं. मी उघडून बघितला."

"मग काय सांगितलंत त्यांना?"

"घर जुनं आहे, तापायला वेळ लागतो, म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो? माझी रजई आणून दिली."

ती रजई मी बाबांच्या अंगावर रोज बघत होतो. कुठून आली, हे कधी विचारलंही नव्हतं.